अंगठ्यात अडकणारे टाके

फिलोमिना स्कार्पाटीला नॉर्डालमध्ये येऊन तीन आठवडे झाले, आणि तीन आठवड्यांत तिच्याशी एकही माणूस भांडला नाही. याचा तिला फार त्रास होत होता.

ती आली होती न्यूअर्कहून. तिथल्या बसच्या आगारात चौतीस वर्षं तिने ड्रायव्हरांना वायरलेसवरून हुकूम सोडले होते. एकशे दहा बस तिच्या आवाजाने सुटत आणि तिच्याच आवाजाने थांबत. घरी वरच्या मजल्यावर कार्मेला राहायची. कचऱ्याच्या पिंपावरून या दोघींचं सव्वीस वर्षं भांडण होतं. रोजचं, जिन्यातलं, सगळ्या इमारतीला ऐकू जाणारं. फिलोमिनाचा नवरा गेला तेव्हा याच कार्मेलाने महिनाभर दोन्ही वेळचं जेवण खाली आणून दिलं, आणि एकतिसाव्या दिवशी पिंप पुन्हा चुकीच्या जागी ठेवलं. त्या दिवशी फिलोमिनाला पहिल्यांदा जरा बरं वाटलं. माणूस आपलं असलं की भांडतं आणि परकं असलं की गोड बोलतं, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

आणि अशी बाई येऊन पडली आमच्याकडे, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, जिथे दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर दोघे ड्रायव्हर खाली उतरून "माझंच चुकलं" म्हणत अर्धा तास थंडीत उभे राहतात. पहिल्याच आठवड्यात तिने शेजाऱ्याच्या फाटकासमोर मुलीची गाडी आडवी लावून ठेवली. मुद्दाम, दिवसभर. संध्याकाळी शेजारी आला, "गाडीचा रंग छान आहे" म्हणाला, आपली गाडी कोपऱ्यावर लावली आणि चिखलातून चालत घरी गेला.

"बरा आहे ना गं हा माणूस?" फिलोमिनाने मुलीला विचारलं.

मुलगी लिडिया इथल्या शाळेत शिकवते. इथल्याच गुरांच्या डॉक्टरशी तिने लग्न केलं आहे, त्यामुळे गावाचे गुण तिला अंगवळणी पडले होते. आईने आता एकटीने न्यूअर्कला राहू नये, असं तिच्या मनात होतं. आईने अट घातली होती. ईस्टरपर्यंत राहून बघते. तोवर या गावात आपलं म्हणावं असं एखादं माणूस मिळालं तर ठीक, नाहीतर मी माझ्या घरी परत. न्यूअर्कचं घर कार्मेलाच्या भाचीला हवं होतं, आणि तीही ईस्टरपर्यंत थांबायला तयार होती.

"बुधवारी चर्चच्या तळघरात बायका गोधड्या शिवतात," लिडिया म्हणाली. "तू जा तिथे."

"मला शिवता कुठे येतं?"

"अगं आई, कोणी काही बोलणार नाही तुला."

"तेच तर रडगाणं आहे माझं!"

पण ती गेली. जाणार कुठे होती?

तळघरात मधोमध लाकडी चौकट मांडलेली होती. तिच्यावर वरचं ठिगळकाम, मधला कापूस आणि खालचं अस्तर असे तीन थर ताणून बसवलेले, आणि चारी बाजूंनी खुर्च्या. नेहमीच्या बसणाऱ्या तिघी. अर्डिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मंडळाची प्रमुख. पण तिला प्रमुख म्हटलेलं आवडत नाही. ती हुकूम कधी देत नाही. "कोणी खिडकी लावली तर बरं होईल, नाही लावली तरी चालेल," असं म्हणाली की उठून आधी खिडकी लावायची असते. दुसरी वर्ना. एका इंचात दहा टाके घालणारी बाई आमच्याकडे चांगली समजतात; वर्ना बारा घालते. जिल्ह्याच्या जत्रेत तिला सोळा वेळा पहिलं बक्षीस मिळालं आहे, आणि त्या सोळाही निळ्या फिती तिने मोज्यांच्या खणात दडवून ठेवल्या आहेत, कारण लोकांना वाटायला नको की हिला गर्व झाला. तिसरी थोरा, वय एक्क्याण्णव. थोराने गेल्या दहा वर्षांत "कात्री" आणि "बरं" याखेरीज तिसरा शब्द उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

पहिल्याच दिवशी फिलोमिनाने दोन गुन्हे केले. दहा वाजता कॉफीबरोबर खजुराच्या वड्या आल्या. ताटलीत शेवटची वडी उरली की आमच्याकडे ती कोणी खात नाही. अर्डिस तिचा अर्धा भाग घेते, वर्ना उरलेल्याचा अर्धा घेते, थोरा त्याचा अर्धा, आणि शेवटी ताटलीत जो मुंगीच्या घासाएवढा कण उरतो तो झाकून ठेवतात. फिलोमिनाने ती अख्खी वडी उचलली आणि बोलता बोलता तोंडात टाकली. तळघरात इतकी शांतता झाली की वरच्या मजल्यावरचं घड्याळ ऐकू आलं.

"भूक लागली असेल," अर्डिस हळूच म्हणाली.

दुसरा गुन्हा कॉफीचा. किटली तिने आपण होऊन हातात घेतली. "वर्नाबाई, कॉफी?" वर्ना म्हणाली, "नको, नको." फिलोमिना म्हणाली, "बरं," आणि पुढे गेली. रिकामा कप हातात धरून वर्ना तिच्या पाठीकडे बघत राहिली. आमच्याकडे पहिला नकार ही नुसती सुरुवात असते, दुसरा नकार रीत म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस म्हणतो, "एवढा आग्रहच आहे तर अर्धा कप." हे त्या बिचारीला कोण सांगणार? सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं. तेव्हापासून किटली कायमची फिलोमिनाच्या हातात राहिली आणि वर्ना दर बुधवारी कोरड्या घशाने शिवत राहिली.

आता टाके. चौकटीचा दाराकडचा कोपरा फिलोमिनाला दिला होता. बोटात अंगुस्तान चढवून, जीभ दातांत धरून तिने दीड तासात वीतभर धावदोरा घातला. एका इंचात तीन टाके होते, काही ठिकाणी दोन. खालच्या अस्तरापर्यंत सुई किती वेळा पोचली हे न विचारलेलं बरं. अर्डिसने चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "वेगळेच आहेत."

चर्चच्या छपरावर वीज पडून कळस खाली आला होता तेव्हाही अर्डिस एवढंच म्हणाली होती. पण फिलोमिनाला हे माहीत नव्हतं. ती घरी येऊन लिडियाला म्हणाली, "पहिल्याच दिवशी त्या बाईच्या लक्षात आलं, माझा हात वेगळा आहे." लिडियाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दहा वर्षं इथे राहून तीही आमच्यातलीच झाली होती.

लिडियाला शाळेत जेवणाची सुट्टी साडेअकराला व्हायची, तेव्हा ती आईला घेऊन जायची. बाकीच्या तिघी मागे थांबायच्या. "कप तेवढे विसळतो," म्हणायच्या. पुढच्या बुधवारी फिलोमिना आपल्या कोपऱ्याशी बसली आणि मागच्या वेळचे टाके पाहून चकित झाली. बारीक, सरळ, एकसारखे, मोहरीच्या दाण्यांची ओळ लावावी तसे. मागच्या वेळी घालताना तर ते असे दिसले नव्हते. चष्म्याचा नंबर बदलला असणार, असं तिला वाटलं. त्यापुढच्या बुधवारी पुन्हा तेच. वाचणाऱ्याच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. फिलोमिनाच्या आलं नाही, कारण चांगलं काही आपल्या हातून झालं आहे हे मानायला कोणाला फारसा पुरावा लागत नाही.

तिने फोटो काढून कार्मेलाला पाठवला. रविवारी कार्मेलाचा फोन आला.

"हे तू केलेलं नाहीस."

"मीच केलंय!"

"फिलोमिना, नवऱ्याच्या शर्टाचं बटण तू स्टेपलरने लावलं होतंस. अख्ख्या इमारतीने पाहिलंय."

"तेव्हा घाई होती मला! जळतेस तू, जळतेस!"

फोन ठेवल्यावर ती दिवसभर गुणगुणत होती.

नाताळ गेला, बर्फ खिडकीच्या वर चढला, आणि फिलोमिनाचा आत्मविश्वास त्याच्याही वर गेला. आता ती इतरांना शिकवू लागली. एका बुधवारी तिने वर्नाच्या टाक्यांकडे मान वाकडी करून पाहिलं.

"रागावू नका हं वर्नाबाई, पण तुमचे जरा तिरके पडतात. उजवीकडे ओढताय तुम्ही."

सोळा निळ्या फितींची धनीण म्हणाली, "हो का? बघते."

"हे बघा, इकडे या. हा माझा मागच्या आठवड्याचा. असा पडायला हवा टाका."

वर्ना उठून आली. मागच्या बुधवारी बारा ते एक कंबर मोडेस्तोवर वाकून आपणच घातलेले ते टाके तिने बराच वेळ न्याहाळले.

"छान आहेत," ती म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. थोराला त्याच वेळी जोरात ठसका लागला.

फिलोमिनाला अजून भांडायला कोणी मिळालं नव्हतं, पण निदान दुसरं काहीतरी मिळालं होतं. ही गोधडी वसंतात गावातल्या नव्या बाळाला जायची होती, आणि तिच्या एका कोपऱ्यात आपला हात असणार होता. आपल्यावाचून या बायकांचं अडेल, असं तिला खरंच वाटू लागलं होतं. नवरा गेल्यापासून आणि आगार सुटल्यापासून तिच्यावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं. मार्चमधल्या एका रविवारी ती कार्मेलाला म्हणाली, "भाचीला सांग, घर बहुतेक मिळेल. पुढच्या रविवारी पक्कं कळवते."

त्या बुधवारी बाहेर वजा वीस होतं. लिडियाच्या गाडीत बसल्यावर फिलोमिनाच्या लक्षात आलं, कानटोपी खालीच राहिली. "आलेच," म्हणत ती परत तळघराचा जिना उतरली.

तिघी तिच्या कोपऱ्यावर वाकलेल्या होत्या. वर्ना टाके उसवायच्या टोकदार आकड्याने भराभर दोरा तोडत होती, अर्डिस बोटांच्या चिमटीने तुकडे ओढून काढत होती आणि थोरा ते तुकडे मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरत होती. सगळं इतकं सरावाने चाललं होतं, की हे आजचं नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं.

अर्डिसने मान वर केली. तिघींचे हात जिथल्या तिथे थांबले. कोणाला तरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि आमच्याकडे अशा वेळी बोलायची एकच गोष्ट असते.

"कॉफी घ्याल?" अर्डिसने विचारलं.

"नको," फिलोमिना म्हणाली.

"थोडीशी?"

पण फिलोमिना तोवर जिना चढून गेली होती. कानटोपी तिथेच राहिली.

चौतीस वर्षांत ज्या बाईचा आवाज कधी बसला नव्हता, ती गाडीत अर्धा मैल एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "सगळे उसवलेत. पहिल्या दिवसापासूनचे." ऑक्टोबर ते मार्च ती दर बुधवारी त्या चौकटीशी बसली होती, आणि त्या गोधडीत तिचा एकही टाका नव्हता. तिला रडू आलं ते टाक्यांसाठी नव्हे. पाच महिने तिघी समोर बसून हसून बोलत राहिल्या, आणि "बाई गं, हे भिकार आहे" एवढं म्हणण्याइतकीही आपण त्यांना जवळची वाटलो नाही, याचं तिला रडू आलं.

गुरुवारी सकाळी दारात अर्डिस. हातात झाकलेलं काचेचं भांडं, त्यात खिमा, डब्यातलं सूप आणि वर बटाट्याचे गोळे लावून भाजलेलं आमचं नेहमीचं हॉटडिश. "सहज जास्त झालं होतं," म्हणाली आणि हवेबद्दल दहा मिनिटं बोलून गेली. शुक्रवारी वर्ना आली. तेच हॉटडिश, फक्त गोळ्यांऐवजी शेवया. "आमच्याकडे कोणी खात नाही हे." शनिवारी थोरा स्वतः गाडी चालवत आली, बैलगाडीच्या वेगाने. भांडं फिलोमिनाच्या हातात दिलं, "बरं," म्हणाली आणि निघून गेली. टाक्यांचं नावही कोणी काढलं नाही. तिन्ही भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणींची नावं होती, भांडं परत यावं म्हणून.

"आई," लिडिया जरा भीतभीतच म्हणाली, "एवढी भांडी इथे कोणी गेलं तरच येतात."

"मग मीच गेले असेन. मला कळवायचं राहिलं."

"अगं, माफी मागताहेत त्या."

"तोंडाने मागायची की!"

"तोंडाने? आई, तुझ्या जावयाने मला लग्नाचं विचारलं ते तोंडाने नाही विचारलं. बर्फ काढायचं नवं फावडं आणून दिलं. मी ते ठेवून घेतलं. झालं लग्न."

फिलोमिनाने कपाळाला हात लावला. रविवारी तिने कार्मेलाला सांगितलं, "भाचीला नाही म्हण. मी येतेय परत." कार्मेला म्हणाली, "ये. येताना स्टेपलर घेऊन ये." पण तिच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती.

रिकामं भांडं परत करायचं नसतं, एवढं न्यूअर्कमध्येही कळतं. मंगळवारी दिवसभर फिलोमिनाने वांग्याचे काप तळले, त्यांवर टोमॅटो आणि चीज घातलं, आणि रागाच्या भरात लसूण तिप्पट घातला. बुधवारी नऊ वाजता तिन्ही भांडी घेऊन ती तळघरात उतरली. भांडी द्यायची, कानटोपी घ्यायची आणि निघायचं, एवढंच ठरवून आली होती.

"आलात? बरं झालं," अर्डिस म्हणाली. "आज जरा कमी थंडी आहे, नाही?"

फिलोमिनाने पहिलं भांडं टेबलावर आदळलं. टेबलावरचे चमचे उडाले.

"थंडीचं नाव काढाल तर बघा! पाच महिने! पाच महिने मी इथे बोटं टोचून घेतली, आणि तुम्ही माझ्यामागे उंदरांसारख्या कुरतडत बसलात! एकीला वाटलं नाही तोंडावर सांगावं? काय वाटलं तुम्हाला, मी मोडेन? मी एकशे दहा बस चालवल्यात! ड्रायव्हरांनी मला काय काय म्हटलंय ते या चर्चमध्ये बोलता यायचं नाही! बोला की आता! बोला!"

वर्ना सुईत दोरा ओवू लागली. दोरा ओवलेलाच होता. फिलोमिनाने खुंटीवरची कानटोपी ओढली आणि वळली.

"अंगठ्यात अडकतील."

आवाज खरखरीत होता, पुष्कळ दिवस न उघडलेल्या दारासारखा. सगळ्या थोराकडे बघू लागल्या.

"तुझे टाके," थोरा म्हणाली. "एवढाले मोठे. गोधडी पांघरून पाय हलवला तर पोराच्या पायाचा अंगठा अडकेल त्यांत. निम्मे तर खाली पोचलेच नाहीत. माझ्या नवऱ्याने गोणीचं तोंड याहून बरं शिवलं असतं, आणि त्याला एकच हात होता."

फिलोमिना दारातून परत आली. "काय म्हणालीस?"

"ऐकू नाही आलं? एक्क्याण्णव वर्षांची मी आहे की तू?"

एवढं झालं मात्र, आणि वर्ना उभी राहिली. साठ वर्षांत वर्नाचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कसा चढवायचा हे तिलाही नीट माहीत नव्हतं; तो मध्येच चिरकला.

"आणि मी उजवीकडे ओढत नाही! कधीच ओढलेलं नाही! तू मला माझेच टाके दाखवलेस, माझेच, आणि वर म्हणालीस शीक! आणि मला ऑक्टोबरपासून कॉफी मिळालेली नाही!"

"तूच नको म्हणायचीस!"

"अगं मग परत विचारायचं ना! एकदा नको म्हटलं म्हणजे काय नको असतं का माणसाला?"

"मग काय असतं? देवा रे! मला वाटलं तुला पित्त होतं! मी लिडियाला सांगितलंय, बिचाऱ्या वर्नाला पित्त आहे!"

"मुली गं," अर्डिस म्हणाली, "जरा हळू बोललात तर बरं होईल, नाही बोललात तरी..."

"तू गप्प बस अर्डिस!" वर्ना गरकन वळली. "मी बोललेच नाही इतकी वर्षं. तुझ्या खजुराच्या वड्या कोरड्या होतात. घशाखाली उतरत नाहीत. आणि कॉफीशिवाय तर मुळीच नाही!"

अर्डिस पांढरीफटक पडली. मग तिच्या गालांवर हळूहळू रंग चढला. "असं का," ती म्हणाली. "मग तुला वाटतं का, तू इथे आलीस तेव्हा तुझे टाके कोणी उसवत नव्हतं? तीन हिवाळे, वर्ना. तीन हिवाळे मी आणि थोरा मागे थांबून कप विसळत होतो."

वर्ना मटकन खाली बसली. "माझे?"

"तुझे. आणि माझे थोराच्या आईने उसवले होते," अर्डिस म्हणाली. "ते मला तिच्या अंत्यविधीला कळलं."

हे ऐकून फिलोमिनाचा राग कुठल्या कुठे गेला असं सांगितलं तर ते खोटं होईल. तो तसाच होता, पण आता त्याला चांगली सोबत मिळाली होती. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"फेकलेत ना तरी?" तिने विचारलं. "माझे ते दोऱ्याचे तुकडे?"

"फेकते कशाला?" थोराला अपमान झाल्यासारखं वाटलं. चांगला दोरा फेकणारी बाई आमच्याकडे जन्मलेली नाही. तिने चौकटीवरची सुया टोचायची लठ्ठ लाल उशी पुढे सरकवली. नाताळापासून सगळ्या तिच्यातूनच सुया काढत आणि तिच्यातच खुपसत होत्या. "ही कशाने भरलीय वाटतं तुला? माझ्याजवळची जुनी उशी आठ वर्षांत भरली होती. तुझ्यामुळे ही दोन महिन्यांत भरली. दुसरीही अर्धी झालीय."

फिलोमिनाने उशी हातात घेऊन दाबली. घट्ट होती. तिचे सगळे बुधवार त्यात होते.

"म्हणजे नाताळापासून तुम्ही सगळ्या मला टोचताय," ती म्हणाली.

आधी वर्नाला हसू फुटलं. मग अर्डिसला इतकं आलं की तिला चष्मा काढावा लागला. थोरा हसली नाही. तिने टाके उसवायचा आकडा फिलोमिनाच्या हातात दिला आणि तिच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. मागच्या बुधवारचा पाऊण वीत दोरा तसाच राहिला होता.

"आपले आपण उसव," थोरा म्हणाली. "आणि मग घाल. मी बघते आता. चुकलीस की हातावर मारीन."

आणि मारलंही, तीनदा. साडेअकरा वाजता लिडिया गाडीचा भोंगा वाजवून वाजवून शेवटी खाली आली, तेव्हा जिन्यातच तिला आईचा आवाज आला, आणि त्याहून मोठा दुसरा कोणाचा तरी. खाली येऊन बघते तर चौघी वांग्याचे काप थेट भांड्यातून खात होत्या.

"लसूण फार आहे," वर्ना सांगत होती.

"फार नाही, तुझी जीभ मेलीय. आयुष्यभर शेवया आणि सूप!"

"आई," लिडिया म्हणाली, "निघायचं ना?"

"तू जा. मी उसवतेय. एक वाजेल." मग काहीतरी आठवून फिलोमिनाने फोन काढला आणि तिथल्या तिथे नंबर लावला. "कार्मेला? दे तुझ्या भाचीला घर. हो, पक्कं. ...काय? ...ती वर्ना आहे. माझ्यावरच ओरडतेय, मग आणखी कोणावर ओरडणार?"

पलीकडून कार्मेला म्हणाली, "चांगली ओरडते. पिंप मात्र मी आता माझ्या मनासारखं ठेवणार," आणि तिने नाक ओढलं. फिलोमिनानेही ओढलं. दोघी सर्दीबद्दल काहीतरी पुटपुटल्या आणि फोन ठेवला.

टेबलावर ताटलीत खजुराची शेवटची वडी उरली होती. फिलोमिनाचा हात सवयीने तिच्याकडे गेला. पण तो पोचण्याआधी वर्नाने वडी उचलली, अर्धी न करता, अख्खी, आणि फिलोमिनाच्या डोळ्यांत डोळे घालून तोंडात टाकली. अर्डिसने श्वास रोखून धरला. वडी कोरडी होती. वर्नाला ठसका लागला.

फिलोमिनाने किटली उचलली.

"कॉफी?"

"नको," वर्ना खोकत म्हणाली.

"घे गं थोडी."

"नको म्हटलं ना."

"घेतेस की डोक्यावर ओतू?"

"बरं," वर्ना म्हणाली आणि कप पुढे केला. "एवढा आग्रहच आहे तर अर्धा कप."

फिलोमिनाने काठोकाठ भरला.